मागच्या सीटवर बसून बघितलीत का?

घरात फ्रीज घ्यायचा असो, पडदे असोत की लग्नाचा बस्ता, आपला शब्द शेवटचा असतो. पण चारचाकी घ्यायची म्हटली की चित्र एकदम बदलतं. नवरा, मुलगा, दीर, जावई अशी सगळी पुरुषमंडळी मोबाईलवर व्हिडिओ बघत बसतात. इंजिन, टॉर्क, टर्बो असे शब्द घरभर उडायला लागतात. आणि सगळं ठरल्यावर आपल्याला विचारतात, "रंग कोणता घेऊया गं?" मग आपण रंग सांगायचा, शोरूमला ओवाळणीचं ताट आणि नारळ घेऊन जायचं, चाकाखाली लिंबू ठेवायचं आणि मागच्या सीटवर जाऊन बसायचं!

मैत्रिणींनो, त्या मागच्या सीटवर पुढची दहा-पंधरा वर्षं आपल्यालाच बसायचं असतं. मांडीवर मूल, पायाशी पिशवी, शेजारी गुडघे धरून बसलेल्या सासूबाई. घर आणि लग्नकार्य सोडलं तर मध्यमवर्गीय घरातला हा सगळ्यात मोठा खर्च. मग त्यात आपलं मत फक्त रंगापुरतं का?

आमच्या मीरा-भाईंदरमध्ये सध्या उंच, दणकट, जीपसारख्या गाड्यांची लाट आहे. सोसायटीच्या पार्किंगमध्ये पूर्वी छोट्या गाड्या असायच्या, तिथे आता थार, जिम्नी, स्कॉर्पिओ उभ्या दिसतात. यात निव्वळ हौस आहे असं नाही म्हणता येणार. घोडबंदर रस्त्यावर काजूपाड्याजवळ पावसाळ्यात काय अवस्था होते ते रोज ठाण्याला जाणाऱ्यांना विचारा. भरतीच्या वेळी जोराचा पाऊस लागला की सखल भागात पाणी तुंबतं. २६ जुलै २००५ ची आठवण तर अजून कोणाच्या मनातून गेलेली नाही. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. शिवाय आपल्यातल्या बऱ्याच जणींचं सासर-माहेर कोकणात, नाहीतर जव्हार-मोखाड्याकडे. मुंबई-गोवा महामार्गाचं रखडलेलं चौपदरीकरण गणपतीला जाणाऱ्या प्रत्येक कंबरेला ठाऊक आहे. तेव्हा दणकट गाडी हवीशी वाटणं साहजिक आहे. प्रश्न एवढाच, की कोणती आणि कोणासाठी?

खरं तर ही जीप आपल्या महाराष्ट्राला काही नवी नाही. स्वातंत्र्याच्या आसपासच्या वर्षांत महिंद्रांनी मुंबईत विलिस जीपचे सुटे भाग जोडून गाड्या बनवायला सुरुवात केली. मीरा रोडहून लोकलने तिसरं स्टेशन कांदिवली, तिथला महिंद्राचा कारखाना आपण येता-जाता बघतो. पुण्याच्या फिरोदियांच्या कंपनीची ट्रॅक्स गावोगाव धावली. टाटांची सुमो १९९४ साली पुण्यातून बाहेर पडली. सुमंत मूळगावकर यांच्या नावातली पहिली अक्षरं घेऊन तिचं नाव ठेवलं होतं, हे कितीजणींना माहीत आहे? २००० साली बोलेरो आली, २००२ साली स्कॉर्पिओ. दोन्हींचं नाव नाशिकच्या कारखान्याशी जोडलेलं. एसटी जिथे पोचत नाही तिथे वडापची जीप पोचते. बाजाराची पाटी, कोंबडी, लेकुरवाळी आणि बाळंतपणासाठी माहेरी निघालेली सून, सगळ्यांना तिने वाहून नेलंय. म्हणजे शहरातल्या हौशी मंडळींच्या कितीतरी आधी गावाकडच्या बायकांनी या गाड्यांची परीक्षा घेतलेली आहे, आणि तीही मागच्या सीटवर बसून!

आमच्या महिला मंडळातल्या एका मैत्रिणीच्या घरी गेल्या वर्षी हाच विषय निघाला. भाईंदर पूर्वेला यजमानांचं दुकान. घरात ती दोघं, दोन मुलं आणि सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई. यजमानांनी मनात थार पक्की केलेली. कर्ज सात वर्षांचं, आणि सुरुवातीचे पैसे कमी पडतात म्हणून हिचं सोनं गहाण ठेवायचं. ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "ताई, तुम्ही आरोग्य शिबिरांना पाड्यांवर जीपने जाता. तुम्हीच सांगा, मी काय बोलू? मला गाडीतलं काही कळत नाही."

मी तिला म्हटलं, "तुला घर कळतं ना? मग गाडीही कळेल. एक वही काढ." त्या वहीत आम्ही जे लिहिलं, तेच आज तुमच्यापुढे मांडतेय.

पहिला प्रश्न, गाडीत बसणार कोण? साधा प्रश्न आहे, पण यातच निम्म्या गाड्या गळतात. २०२० साली आलेली तीन दारांची थार दिसायला रुबाबदार, पण ती चार माणसांची. मागे बसायचं तर पुढची सीट वाकवून, त्या फटीतून आत शिरायचं. साडी नेसून एकदा चढून बघा म्हणजे कळेल! मागे माणसं बसली की सामानाला जागा जवळजवळ उरतच नाही. मारुतीची जिम्नी जून २०२३ मध्ये पाच दारांची होऊन आपल्याकडे आली. चढा-उतरायला सोपी, अरुंद गल्लीत सहज वळणारी, पण तीही चौघांचीच. पाच माणसांच्या घराला या दोन्ही गाड्या पहिल्याच पानावर बाद झाल्या.

मग उरल्या पाच दारांची थार रॉक्स, बोलेरो, स्कॉर्पिओ आणि फोर्सची गुरखा. थार रॉक्स १५ ऑगस्ट २०२४ ला आली. तिच्यात पाच जण बसतात आणि मागच्या सीटला स्वतःची दारं आहेत. बोलेरोत सात जण बसतात, पण शेवटच्या दोन सीट आडव्या, समोरासमोर. त्यावर जवळच्या अंतरासाठी मोठं माणूस बसेल, पण लांबच्या प्रवासात लहान मुलांना तिथे बसवू नका. गुरखाची पाच दारांची गाडी २०२४ मध्ये आली. तिला पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगळं लॉक आहे, चिखलात रुतलेली गाडी त्यामुळे बाहेर निघते. डोंगरदऱ्यांत काम असणाऱ्यांना ती उत्तम. पण तिची उंची दोन मीटरच्या वर जाते, आणि तिची सर्व्हिस सेंटरं मारुती-महिंद्राइतकी जागोजागी नाहीत.

दुसरा प्रश्न, अंग किती हिंदकळणार? इथे थोडं गाडीच्या पोटात डोकावायला हवं. बहुतेक साध्या मोटारी पत्र्याच्या एकसंध डब्यासारख्या असतात. या दणकट गाड्यांना मात्र खाली लोखंडी शिडीसारखी चौकट असते आणि तिच्यावर वरचा डबा बसवलेला असतो. त्यामुळे खड्डे, ओझं, दगडधोंडे ती वर्षानुवर्षं सोसते. पण गाडी उंच आणि जड असल्यामुळे वळणावर झुलते. घाटात उलट्या होणाऱ्या मुलांच्या आईला हे आधी माहीत हवं. बोलेरोला मागे पाटे असतात, बैलगाडीच्या जमान्यापासून चालत आलेली पट्ट्यांची स्प्रिंग. गाडी रिकामी असली की ती उडते, माणसं आणि सामान भरलं की शांत होते. म्हणून बोलेरोची परीक्षा एकट्याने बसून घेऊ नका, सगळं घर घेऊन जा.

आमच्या मैत्रिणीने तेच केलं. तीन रविवार सासूबाई आणि मुलांसकट शोरूम गाठली. सेल्समन पोरगा यजमानांना चावी देऊन पुढच्या सीटची कौतुकं सांगायला लागला, तर सासूबाई म्हणाल्या, "बाळा, मला मागे कसं चढायचं ते आधी दाखव." सगळे हसले, पण मुद्दा लाखाचा होता. पाय ठेवायला पायरी आहे का? धरायला मूठ कुठे आहे? बसल्यावर गुडघे किती वर येतात? मागे एसीची हवा येते का? खिडकीतून बाहेर दिसतं का, की मुलं अंधारात बसतील? शोरूमसमोरच्या गुळगुळीत रस्त्यावर चक्कर मारून काही कळत नाही. स्पीडब्रेकर आणि खड्डे असलेल्या आपल्या नेहमीच्या रस्त्यावर अर्धा तास फिरवायला सांगा. आणि नवऱ्यालाही दहा मिनिटं मागे बसवा!

आपण स्वतः गाडी चालवत असू तर तेही तपासायचं. सीट वर-खाली होते का, क्लच दाबायला जड आहे का, बॉनेटचं टोक दिसतं का. उंच गाडीतून लांबचं छान दिसतं, पण अगदी जवळचं लहान मूल दिसत नाही. सोसायटीत मागे घेताना कॅमेऱ्याचा उपयोग तिथे होतो.

तिसरा प्रश्न, चारही चाकांची ताकद खरंच हवी आहे का? फोर बाय फोर म्हणजे इंजिनाचा जोर चारही चाकांना मिळणं. चिखलाचा चढ, वाळू, ओढ्यातली वाट अशा ठिकाणी ती जादू करते. आम्ही पावसाळ्यात पाड्यांवर जातो तेव्हा तिची किंमत कळते. पण फुटलेल्या डांबरी रस्त्याला फोर बाय फोर लागत नाही. तिथे लागतात चांगले टायर आणि जमिनीपासून पुरेशी उंची. ही उंची बोलेरोला १८०, जिम्नीला २१०, थारला २२६ मिलिमीटर आहे. शिवाय फोर बाय फोरचं यंत्र वाढलं की वजन, इंधन आणि देखभालही वाढते. जिम्नी फक्त फोर बाय फोरच मिळते. थार आणि रॉक्स मात्र मागच्या दोन चाकांवर चालणाऱ्याही मिळतात आणि बऱ्याच स्वस्त पडतात. फोर बाय फोर घेतलीतच तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. अधूनमधून कच्च्या रस्त्यावर ती लावून गाडी थोडी फिरवायची, नाहीतर यंत्र आखडतं. आणि कोरड्या, पक्क्या रस्त्यावर ती लावून वळणं घ्यायची नाहीत, आतल्या भागांवर ताण येतो.

पाण्याचंही तसंच. थार ६५० मिलिमीटर पाण्यातून जाऊ शकते असं कंपनी सांगते. म्हणजे साधारण मांडीपर्यंत पाणी. पण तुंबलेल्या रस्त्यावर खालचं गटार उघडं आहे की बंद, हे कोणती कंपनी सांगणार? आणि पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा चावी फिरवायची नाही. इंजिनात शिरलेलं पाणी त्याच क्षणी लाखाचा खर्च काढतं. विमा घेताना इंजिन संरक्षणाची पुरवणी घेतली आहे का ते आधीच विचारा. साध्या विम्यात बहुधा हे नुकसान धरत नाहीत.

चौथा प्रश्न, दहा वर्षांनी तिची काय गत होईल? आमच्या भागात याचं पहिलं उत्तर आहे गंज. भाईंदरची मिठागरं, उत्तनचा किनारा, खाडीची दमट हवा, सगळीकडे मीठच मीठ. उत्तनच्या एका मावशींच्या घरी मासळीच्या धंद्याला बोलेरो आहे. त्या म्हणाल्या, "इंजिन नाय मरत गं, आधी पत्रा मरतो." त्यांच्याकडे दर आठवड्याला गाडी खालून गोड्या पाण्याने धुतात, आणि पावसाळ्याआधी तळाला गंजरोधक लेप आहे की निघाला ते बघतात. दणकट चौकटीची गाडीसुद्धा खालून गंजली की संपली. जुनी गाडी घेत असाल तर वरच्या चकचकीत रंगावर भाळू नका. पायाखालचं कार्पेट उचला, सीटचे नटबोल्ट बघा, कोपऱ्यात वाळलेला चिखल आहे का बघा. पुरात बुडालेली गाडी तिथे पकडली जाते. सर्व्हिसची वही, विम्याचे दावे आणि कर्जाचा बोजा उतरल्याचा कागद हातात आल्याशिवाय बयाणा देऊ नका.

दुसरं म्हणजे डिझेल की पेट्रोल. २०२० पासून आलेल्या बीएस-६ डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारी जाळी असते. ती साफ व्हायला गाडी अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर एका वेगात पंधरा-वीस मिनिटं धावावी लागते. मुलांची शाळा, भाजी मंडई आणि स्टेशन एवढंच फिरणं असेल तर ती जाळी तुंबते आणि दिवा पेटतो. रोज थोडं फिरणाऱ्यांनी पेट्रोल घ्यावं, महिन्याला लांबच्या फेऱ्या असतील त्यांनीच डिझेलचा विचार करावा. तिसरं म्हणजे गावाकडचा मेकॅनिक. बोलेरोला आजही मान आहे तो यासाठी. तालुक्याच्या कुठल्याही गॅरेजवाल्याला ती उघडता येते आणि तिचा पार्ट मिळतो. नव्या गाड्यांत पडदे, सेन्सर, कॅमेरे भरपूर. सुख आहे, पण बिघडलं तर लॅपटॉपवाला माणूसच लागतो.

पाचवा प्रश्न, अपघात झाला तर? दणकट दिसते म्हणून गाडी सुरक्षित, हा मोठा गैरसमज. टक्कर चाचणीत थारला २०२० साली चार तारे मिळाले, स्कॉर्पिओ-एनला २०२२ साली पाच, आणि थार रॉक्सला भारत एनसीएपीच्या चाचणीत २०२४ साली पाच. बोलेरो निओला मात्र २०२४ च्या ग्लोबल एनसीएपी चाचणीत एकच तारा मिळाला. पत्रा जाड असण्यापेक्षा आतल्या माणसाला किती इजा होते, हे तारे सांगतात. आणि पाच तारे असले तरी मागच्या सीटवर पट्टा लावला नाही तर त्यांचा उपयोग शून्य. साडी चुरगळते म्हणून पट्टा टाळणाऱ्या कितीजणी आहेत आपल्यात? साडीला इस्त्री करता येते!

आता हिशेबाचं पान. दहा लाखांचं कर्ज ९ टक्के व्याजाने सात वर्षांसाठी घेतलं तर हप्ता साधारण १६,०९० रुपये, आणि व्याज साडेतीन लाखांच्या आसपास. तेच पाच वर्षांचं घेतलं तर हप्ता २०,७६० रुपये, पण व्याज अडीच लाखांच्या आत. म्हणजे लहान हप्त्याच्या मोहापायी लाखभर रुपये जादा जातात. महिन्याला हजार किलोमीटर फिरणं असेल तर लिटरला बारा आणि सोळा किलोमीटर देणाऱ्या गाड्यांत वीस लिटरचा फरक पडतो. लिटर शंभर रुपये धरा, महिन्याचे दोन हजार झाले. शिवाय मोठे टायर, विमा आणि सर्व्हिसिंग. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. चार मीटरच्या आत लांबी आणि १२०० सीसीपर्यंत पेट्रोल किंवा १५०० सीसीपर्यंत डिझेल इंजिन असेल तर १८ टक्के, त्यापुढच्या गाड्यांना ४० टक्के. बोलेरो पहिल्या गटात बसते, जिम्नी पेट्रोल इंजिनामुळे दुसऱ्या. एकाच नावाच्या गाडीत इंजिन बदललं की कर बदलतो, हे शोरूममध्ये स्पष्ट विचारून घ्या.

आणि हो, शिवणकामाची टेप घेऊन पार्किंगची जागा मोजायला विसरू नका. थार रॉक्स जवळपास साडेचार मीटर लांब आणि १.८७ मीटर रुंद आहे. आमच्याकडच्या नव्या इमारतींत एकावर एक गाड्या चढवणारं पार्किंग असतं, तिथे उंचीची मर्यादा असते. गाडी दारात आली आणि जागेत मावेना, तर भांडण शेजाऱ्याशी होतं, कंपनीशी नाही!

मैत्रिणीच्या घरी काय झालं? वही बघून यजमान दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "थोडं थांबूया." सहा महिने थांबून, दुकानाच्या सीझनचे पैसे साठवून त्यांनी थार रॉक्सच घेतली, पण साधी, दोन चाकांवर चालणारी, पेट्रोलची. कर्ज पाच वर्षांचं. बाजूला पायरी बसवून घेतली. नवऱ्याची हौस झाली, सासूबाईंचे गुडघे सांभाळले, आणि हिचं सोनं कपाटातच राहिलं. उत्तनच्या मावशींना विचाराल तर त्या बोलेरोशिवाय दुसरं नाव घेणार नाहीत, आणि त्यांचा हिशेब त्यांच्या जागी बरोबर आहे. दोघांच्या घरात तिघंच असतील आणि पार्किंग अरुंद असेल, तर कदाचित जिम्नीच योग्य ठरेल.

तुमच्या घरी हा विषय निघेल तेव्हा एवढं विचारा. रोज किती माणसं बसणार? वर्षातून किती दिवस कच्चा रस्ता? रोजचं फिरणं किती किलोमीटर? जवळचं सर्व्हिस सेंटर कुठे, आणि गावी कोण दुरुस्त करणार? चाचणीत तारे किती? हप्ता भरून महिन्याला हातात काय उरणार? पैसे कुठून येणार, आणि त्यात कोणाचं सोनं, कोणाच्या शिक्षणाची ठेव मोडणार? यातल्या एकाही प्रश्नाला इंजिनाचं ज्ञान लागत नाही. रोजचा संसार चालवणाऱ्या बाईला ही उत्तरं तोंडपाठ असतात. फक्त ती गाडी ठरण्याआधी, चार माणसांत, मोठ्याने सांगायची सवय लावून घेऊया. रंग काय, तो नंतरही ठरवता येईल.